अस्तंब्याला जा, पण आपले रक्त ओळखून जा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस खांडबाऱ्याच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ताप उतरलेला असतो, खोकला थांबलेला असतो, गोळ्यांची पुडी हातात पडलेली असते आणि दाराशी गेलेला पेशंट मागे वळून विचारतो, "डॉक्टरसाहेब, अस्तंब्याला जाऊ ना?"

आपल्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. अस्तंबा हा सातपुड्यातील धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यातला डोंगर. उंची सुमारे तेराशे मीटर. धनत्रयोदशीपासून तिथे यात्रा भरते. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून लोक येतात. आमच्या भागातली माणसे नंदुरबारवरून तापी ओलांडून तळोद्याला पोहोचतात. तिथून पायी कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा, भीमकुंड अशी वाट धरून माथा गाठतात. माथ्यावर ज्याची पूजा होते तो अश्वत्थामा. महाभारतात त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला गेला आणि वाहती जखम घेऊन भटकण्याचा शाप त्याला मिळाला. इथले लोक सांगतात की तो अजून याच डोंगरदऱ्यांत फिरतो, जखमेला लावायला तेल मागतो आणि कोणी वाट चुकला तर त्याला वाट दाखवतो.

गेल्या महिन्यात ओळखीचे एक शिक्षक रक्तदाब तपासायला आले होते. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. कंपनीने त्याला जपानला पाठवले होते. त्याने पाठवलेले फोटो गुरुजी मला कौतुकाने दाखवत होते. दाट झाडीतली दगडी पायवाट, वाटेवर लहान लहान देवळे, गरम पाण्याची कुंडे, मुक्कामाच्या घरी मांडलेले ताजे जेवण. ही कुमानोची यात्रावाट. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, आपल्याकडे असे काही असते तर किती बरे झाले असते!"

मी त्यांना म्हटले, "गुरुजी, तुमच्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीत कुठे जातात?"

डोंगर आहे, जंगल आहे, देव आहे, वाटेत पाड्यावर भाकर देणारी माणसे आहेत. गरम पाणी हवे तर शहादा तालुक्यात उनपदेव आहे. थंड हवा हवी तर तोरणमाळचा यशवंत तलाव आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' म्हणजे 'वनस्नान' हा शब्द काढला आणि झाडीत शांतपणे हिंडण्याचे महत्त्व लोकांना सांगितले. मन हलके होते, रक्तदाब थोडा उतरतो, असे पुढे त्यावर झालेल्या अभ्यासांत दिसले. आपल्या माणसांनी शब्द काढला नाही, पण हिंडणे कधी सोडले नाही.

तेव्हा 'यात्रेला जाऊ का' या प्रश्नाला माझे पहिले उत्तर आता 'जरूर जा' असे असते. पूर्वी ते तसे नव्हते. ते कसे बदलले, हे सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

एका नवसाची गोष्ट

२०११ सालची गोष्ट. नवापूर तालुक्यातल्याच एका गावचा सतरा वर्षांचा मुलगा माझा पेशंट होता. त्याला सिकलसेलचा आजार. लहानपणापासून हातपाय दुखणे, डोळे पिवळे होणे, दर पावसाळ्यात ताप. पाच वर्षांचा असताना तो फार आजारी पडला होता. तेव्हा त्याच्या आजोबांनी नवस बोलला होता की नातू वाचला तर त्याला अस्तंब्याला नेईन आणि अश्वत्थाम्याला त्याच्या हातून तेल देईन. नातू वाचला. नवस मात्र तसाच राहिला होता.

त्या दिवाळीत आजोबा त्याला घेऊन विचारायला आले. दवाखान्यात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "सिकलसेलवाल्याने डोंगर चढायचा नाही. विषय संपला." आजोबा काही बोलले नाहीत. 'बरं साहेब' म्हणून निघून गेले. मला वाटले, ऐकले.

चार दिवसांनी पहाटे एक जीप दारात उभी राहिली. मागे गोधडीत तो मुलगा. दोन्ही मांड्या, पाठ आणि छाती यांतल्या कळांनी तो अक्षरशः विव्हळत होता. ओठ कोरडे, लघवी काळपट, अंगात ताप. ते गेले होते. माझ्या नकळत गेले होते. मी नाही म्हटल्यामुळे कुठली काळजी घ्यायची हे त्यांनी मला विचारलेच नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. डॉक्टरांना कळेल म्हणून गोळ्यासुद्धा बरोबर नेल्या नव्हत्या. तळोद्याहून रात्रभर चालले. दोन माणसांत एक पाण्याची बाटली. घामाने भिजलेला शर्ट तसाच अंगावर आणि माथ्यावरचा पहाटेचा गार वारा. उतरताना मुलगा बसला तो उठलाच नाही. काकाने त्याला पाठीवर घेऊन खाली आणले.

सलाइन आणि दुखणे थांबवणारे इंजेक्शन देऊन मी त्याला नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. ऑक्सिजन लागला, रक्ताच्या पिशव्या लागल्या. अकरा दिवसांनी तो घरी आला. तो वाचला यात माझा वाटा थोडा. तो त्या अवस्थेला पोहोचला यात मात्र माझा वाटा होता, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही. ज्या गोष्टीसाठी माणसे बारा वर्षे नवस सांभाळतात, ती एका वाक्यात बंद होत नसते. माझ्या 'नाही'मुळे यात्रा थांबली नाही. थांबला तो फक्त सल्ला.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. बारीक रक्तवाहिनीतूनही त्या सहज सरकतात. सिकलसेलमध्ये या पेशींतील हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळे असते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठ होते. अशा पेशी रक्तवाहिनीत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि जिथे तुटतो तिथे असह्य कळा येतात. साधी पेशी १२० दिवस जगते, ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे.

पेशींना विळ्याचा आकार आणणाऱ्या गोष्टी चार. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि ताप. आता यात्रेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रात्रीची चढण, घाम, थोडे पाणी, वर गार वारा. चारांपैकी तीन गोष्टी एकाच रात्रीत जमून येतात.

हा आजार आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' असतो. त्याला एएस म्हणतात. त्याला सहसा त्रास होत नाही. दोघांकडून आला तर तो 'रुग्ण', म्हणजे एसएस. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांत वाहकांचे प्रमाण मोठे आहे. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बोटाच्या टोकावरचे थोडे रक्त पुरते. तरीही आपण एएस की एसएस की काहीच नाही, हे माहीत नसलेले तरुण आजही माझ्याकडे रोज येतात.

एक धोक्याची सूचना. सिकलसेलच्या रुग्णाने 'रक्त वाढण्याचे टॉनिक' म्हणून लोहाच्या बाटल्या स्वतःच्या मनाने पिऊ नयेत. त्याचे रक्त बहुधा लोह कमी असल्यामुळे कमी नसते. त्याला गरज असते ती फॉलिक अॅसिडची. लोह द्यायचे की नाही हे रक्त तपासूनच ठरवावे लागते.

दुसऱ्या वर्षीची चढण

मुलगा बरा झाल्यावर त्याला फॉलिक अॅसिडच्या जोडीने हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी कळांचे झटके कमी होतात. मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासूनच घ्यायच्या. वर्षभरात त्याला एकदाही भरती करावे लागले नाही. २०१२ च्या दिवाळीआधी आजोबा पुन्हा आले. या वेळी त्यांनी विचारले नाही, नुसते बसून राहिले. मीच म्हणालो, "बाबा, तेल मुलाच्या हातून पोहोचलेले नाही ना अजून?"

त्या वर्षी मीही गेलो. रात्रीची लांबची पायवाट सोडून आम्ही गाडीने अस्तंबा गावापर्यंत गेलो आणि उजाडल्यावर चढायला लागलो. मुलाजवळ तीन लिटर पाणी, त्यात जलसंजीवनीची पाकिटे, लोकरीची टोपी, एक कोरडा सदरा आणि गोळ्यांची डबी. नियम एकच ठरवला होता. दर अर्ध्या तासाने थांबायचे, तहान असो नसो पाणी प्यायचे, आणि कुठेही दुखू लागले तर लाज न बाळगता सांगायचे.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी इतकी वर्षे काढली, पण सातपुडा तोवर गाडीच्या काचेतूनच पाहिला होता. पिवळे पडलेले गवत, सागाची मोठी पाने, खाली धुक्यात बुडालेले पाडे आणि पुढे-मागे जयजयकार करत चाललेल्या तरुणांच्या टोळ्या. ज्यांना मी दवाखान्यात 'पुढचा' म्हणून बोलावतो, तीच माणसे मला हात देऊन खडकावर ओढून घेत होती. माझाच श्वास त्या मुलापेक्षा जास्त लागला होता, हेही कबूल करतो.

माथा दिसू लागला तेव्हा मुलगा थांबला. पाठीला हात लावून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला इथूनच. सुरू होतंय." आजोबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पण म्हातारा काही बोलला नाही. मुलाने तेलाची बाटली दोन्ही हातांत धरून डोंगराकडे हात जोडले आणि ती आजोबांना दिली. आजोबा वर गेले. आम्ही दोघे खडकाच्या आडोशाला बसलो. त्याने पाणी प्यायले, गोळी घेतली, टोपी कानावर ओढली. तासाभरात कळ ओसरली. तो स्वतःच्या पायांनी खाली उतरला.

डोंगर उतरल्यावर एका घरी जेवलो. ज्वारीची गरम भाकर, लसूण-मिरचीची फोडणी दिलेली उडदाची डाळ, अंबाडीची भाजी आणि आमचुराची आंबट चटणी. आमचूर म्हणजे धडगावची खासियत. उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी तिथे अंगणाअंगणात, खळ्याखळ्यावर वाळत घातलेल्या असतात. डॉक्टर म्हणून बघाल तर त्या ताटात काही कमी नव्हते. डाळीतून प्रथिने, डाळ आणि पालेभाजीतून फॉलिक अॅसिड, भाकरीतून दिवसभराची ताकद. असेच भादली, बर्टी, मोर ही बारीक धान्ये आणि मोहाची फुले. आता हे सारे 'गरिबाचे खाणे' म्हणून मागे पडते आहे आणि यात्रेच्या पिशवीत कुरकुरे आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या येत आहेत. त्यांत मीठ आणि साखर भरपूर, पोषण जवळजवळ नाही.

यात्रेकरूंनी काय करावे?

पाणी : प्रत्येकाजवळ स्वतःचे तीन लिटर पाणी हवे. झऱ्याचे पाणी उकळून किंवा क्लोरिनची गोळी टाकूनच प्यावे. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. एएस वाहकांनीही हे पाळावे. एरवी निरोगी असणाऱ्या वाहकाला अति चढण आणि पाण्याची कमतरता एकत्र आल्यावर क्वचित गंभीर त्रास होतो. मोहाची दारू चढणीच्या आधी आणि चढताना नको. ती तहान भागवत नाही, अंगातले पाणी बाहेर काढते.

अन्न : भाकरी, गूळ, शेंगदाणे, फुटाणे बरोबर घ्यावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की लगेच साखर किंवा गूळ खावा.

पाय : नवसामुळे अनेक जण अनवाणी चालतात. मधुमेह्यांनी तसे करू नये. त्यांच्या पायाला जखम झालेली कळत नाही. जखम झालीच तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवावी, स्वच्छ फडके बांधावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जखमेत माती, तंबाखू, राख भरू नये. तेलसुद्धा नको. तेल देवासाठी ठेवावे.

गवत : पावसाळ्यानंतरच्या गवतात एक बारीक किडा असतो. त्याच्या चाव्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. या तापाच्या जंतूच्या नावातील 'त्सुत्सुगामुशी' हा शब्द जपानी आहे. तिथले नदीकाठचे शेतकरी या तापाने मरत. यात्रेनंतर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली, आणि काखेत, जांघेत, कमरेला न दुखणारी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा आणि 'मी डोंगरावर गेलो होतो' हे आठवणीने सांगा. वेळेवर औषध मिळाले तर आजार बरा होतो. म्हणून उघड्या गवतावर लोळू नये. सतरंजी टाकावी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

अंधार : धनत्रयोदशीच्या सुमारास रात्री जवळजवळ अमावास्येच्या. बॅटरीशिवाय चालू नये. साप चावला तर कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यातले काही करू नये. माणसाला झोपवून, तो अवयव न हलवता थेट दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते, भगताकडे नाही.

गाडी : २०२५ च्या ऑक्टोबरात याच यात्रेहून परतणारी गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि आपली तरणी मुले गेली. सिकलसेल नसलेली, धडधाकट मुले. मालवाहू गाडीत दाटीवाटीने उभे राहून घाट उतरू नका. रात्रभर न झोपलेल्या चालकाला चाकावर बसू देऊ नका. यात्रेतला हा सर्वांत मोठा धोका आहे आणि त्याला कुठलेही औषध नाही.

कोणी चढू नये? : नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, दोन जिने चढल्यावर धाप लागणारे, गरोदर स्त्रिया, अंगात ताप असलेले, आणि महिन्याभरात कळांचा झटका येऊन गेलेले सिकलसेल रुग्ण. यांनी पायथ्यावरून हात जोडावेत. सिकलसेल रुग्णाच्या छातीत दुखले, धाप लागली, ताप चढला, एका बाजूचे हातपाय लुळे पडले किंवा लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगून तो पांढरा पडला, तर एक मिनिटही न दवडता मोठा दवाखाना गाठावा.

महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला आणि तोरणमाळला जाणाऱ्यांनी, काठीच्या होळीत रात्रभर ढोलावर नाचणाऱ्यांनीही हेच नियम धरावेत. उनपदेवच्या गरम पाण्यात उतरणाऱ्या वयस्कर मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. गरम पाण्यात फार वेळ बसल्यावर एकदम उठले की रक्तदाब उतरून चक्कर येते. जपानमध्ये गरम स्नानाची केवढी मोठी परंपरा, पण तिथेही दर हिवाळ्यात म्हातारी माणसे न्हाणीघरात कोसळतात. थोडा वेळ बसावे, सावकाश उठावे.

तो मुलगा आता तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. लग्न ठरवताना त्याने आधी मुलीकडच्यांना रक्त तपासायला सांगितले. मुलगी ना वाहक ना रुग्ण. त्याची दोन्ही मुले वाहक आहेत, पण आजारी नाहीत. आजोबा आता नाहीत. दर दिवाळीत तो गाडीने अस्तंबा गावी जातो, चढणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जातो आणि तिथून हात जोडून परततो. जाण्याआधी मला सांगून जातो.

वाचकहो, दिवाळीला अजून वेळ आहे. कपडे, फटाके, मिठाई यांची यादी कराल तेव्हा वर एक ओळ लिहा, 'घरातल्या सर्वांची सिकलसेल तपासणी'. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती. यात्रेला निघालेला माणूस तुमच्या दाराशी थांबून मागे वळला, तर हातातले काम दोन मिनिटे बाजूला ठेवा. तो परवानगी मागायला आलेला नसतो, वाट विचारायला आलेला असतो.